उजवा रकाना

आमच्या सॉफ्टवेअरच्या शीटमध्ये दोन रकाने असतात. डावीकडे आज्ञा, उजवीकडे तिची खूण. डावा रकाना सॉफ्टवेअरवाल्यांचा, त्याला हात लावायचा नाही. उजवा आपला. त्यात आपल्या बोटांना सोयीचं पडेल ते भरायचं आणि शीट परत चढवायची. वृषाली दिवटेचं जे झालं ते या उजव्या रकान्यात झालं. ती तो भरत होती तेव्हा मी शेजारच्या टेबलावर होते, म्हणून सांगण्याचा अधिकार माझा. मॅनेजरला विचाराल तर तो तुम्हाला आलेख दाखवील.

मी नलिनी येमूल. सोलापुरात चादरींची डिझाइनं करण्यात माझा जन्म गेला. माझे वडील पुठ्ठ्यांना भोकं पाडायचे. त्या पुठ्ठ्यांची माळ जकार्डच्या पेटीवर चढली की खाली मागावर मोर उतरायचा. मी तोच मोर पडद्यावर चौकटी भरून काढत आले. कारखान्यात सगळे मला अक्का म्हणतात, एक मॅनेजर सोडून. तो येमूलमॅडम म्हणतो आणि म्हणताना घड्याळाकडे बघतो.

कीबोर्ड होते तेव्हाही ही शीट होतीच. परदेशात कुणीतरी ठरवलेल्या कळा आम्हाला झेपायच्या नाहीत. साधा काठ उलटा करायचा तर चार कळा एकदम दाबा. त्या देशात माणसाला सहा बोटं असावीत. मग आम्ही आज्ञांची ती सगळी यादी शीटमध्ये उतरवून घ्यायचो, उजव्या रकान्यात आपापल्या कळा टाकायचो आणि परत चढवायचो. प्रत्येकाची शीट वेगळी. माझ्या मशीनवर दुसरं कुणी बसलं की चादरीचा पार विचका करून उठायचं, आणि खरं सांगायचं तर मला त्यात आनंदच वाटायचा.

मग पट्टे आले.

आमचा मॅनेजर चैतन्य गुंडला यानं ते पेढे वाटावेत तसे टेबलाटेबलावर वाटले. मनगटाच्या जरा वर बांधायचा, काळा, मऊ, वजन नसल्यासारखा पट्टा. पट्टेवाल्या कंपनीच्या माणसानं पडद्यावरून समजावून सांगितलं, ते मला चटकन कळलं, कारण आमच्या मागाचंही तसंच असतं. बोटं हलवणारे स्नायू बहुतेक बोटांत नसतातच. ते कोपराखाली बसलेले असतात, आणि त्यांच्या दोऱ्या मनगटातून बोटांपर्यंत गेलेल्या असतात, जकार्डच्या पेटीतून खालच्या धाग्यांपर्यंत जातात तशा. मेंदूनं हुकूम सोडला की त्या स्नायूंत बारीकशी वीज खेळते. पट्टा ती वीज वाचतो. त्यामुळे कळा नकोत, कीबोर्ड नको. हवेत बोट हलवलं तरी पट्ट्याला कळतं कुठलं बोट, किती, आणि कोणत्या बाजूला.

आता उजव्या रकान्यात कळांऐवजी हालचाली भरायच्या होत्या. सेलवर, म्हणजे रकान्यातल्या एका चौकटीवर जायचं, हालचाल करून दाखवायची, पट्ट्यानं ओळखली की सेल हिरवी होते. ऐकायला सोपं. पण तीनशेच्या वर आज्ञा, आणि प्रत्येकीला वेगळी, न विसरणारी, चुकून न होणारी हालचाल शोधायची म्हटल्यावर सगळ्यांची भंबेरी उडाली. कुणी कान खाजवला की काठ पुसला जायचा. सग्गम म्हणून एकजण होता, तो मिशीला पीळ द्यायचा आणि दर वेळी त्याची अख्खी चादर आरशातल्यासारखी उलटी व्हायची. मी वयाचं कारण सांगून कीबोर्ड ठेवून घेतला. मला निवृत्तीला थोडंच राहिलं होतं, म्हणून कुणी आग्रह धरला नाही.

वृषालीनं मात्र एका दिवसात सगळा रकाना हिरवा केला.

"हे कसं केलंस गं?" मी विचारलं.

"घरच्याच खुणा टाकल्या की अक्का. अंबूदादाशी बोलते त्या."

अंबादास तिचा थोरला भाऊ. जन्मापासून बहिरा. खाली गोदामात चादरींच्या घड्या घालायचा. त्याच्या आईनं त्याला कधी शाळेत घातलं नाही, कारण मुक्या-बहिऱ्यांची शाळा लांब होती, तिथं वसतिगृहात ठेवावं लागणार होतं, आणि बाईचा जीव होईना. बरोबर केलं की चूक, यावर बोलणारे पुष्कळ आहेत, मी त्यांच्यात नाही. त्या बाईनं काय केलं, तर चुलीपाशी बसून पोराशी बोलायला बोटांची एक भाषा तयार केली. शिकलेल्या बहिऱ्यांची जी ठरलेली भाषा असते ती ही नव्हे. ही त्या एका खोलीत जन्मलेली. आई म्हणजे अंगठा तर्जनीवर घासायचा, लसूण सोलतात तसा, कारण पोरानं आईला सदा लसूण सोलताना पाहिलेलं. वृषाली म्हणजे दोन बोटं एकमेकांवरून टाकायची, तिची वेणी. 'दुखतंय'ला करंगळी वाकवायची. 'जेवलास का'ला चारी बोटं मिटून अंगठा वर. शेकड्यांनी शब्द होते त्यांचे. बाप लवकर गेला, आई पुढे काही वर्षांनी गेली, आणि मग ती भाषा बोलणारी जगात दोनच माणसं उरली.

डबा आम्ही तिघं एकत्र खायचो. उन्हापायी हल्ली कारखाना भल्या पहाटे सुरू होतो आणि जेवणाची सुट्टी सकाळीच होते. गोदामाच्या सावलीत कडक भाकरी, शेंगाचटणी, आणि या दोघांची बोटं. अंबादास मोठा चावट माणूस. मॅनेजरसाठी त्यानं मनगटावर बोट आपटायची खूण केली होती, घड्याळ. माझ्यासाठी नाकावर चष्मा ढकलायची. मॅनेजरची बायको माहेरी गेली की तो घड्याळ बंद पडल्याचं करून दाखवायचा, आणि वृषाली ठसका लागेपर्यंत हसायची. त्यांच्यात बसून मीही दहा-पंधरा शब्द उचलले होते.

म्हणून मी त्या दिवशी तिला म्हटलं, "पोरी, घरातलं बोलणं कारखान्यात कशाला आणलंस?"

"बोटं माझीच हायत की. शिकायला नको, विसरायला नको. आणि बघा की, 'मागे जा'ला मी काय लावलंय." तिनं अंगठा तर्जनीवर घासला. तिच्या पडद्यावरची शेवटची रेघ पुसली गेली.

मागे जा, म्हणजे केलेलं रद्द कर. डिझाइन करणारा माणूस दिवसभरात सगळ्यात जास्त वापरतो ती आज्ञा. तिनं तिथं आई टाकली होती.

"चुकलं की आईच आठवते ना माणसाला," ती हसत म्हणाली. जेवलास का म्हणजे जतन कर. दुखतंय म्हणजे सुटा पडलेला धागा शोध. तिची स्वतःची वेणी म्हणजे दोन थर जोड. मला ते तेव्हा गोडच वाटलं, पण पटलं नाही, आणि मी तसं बोलून दाखवलं. अक्का जुन्या वळणाच्या, असं म्हणून तिनं ते सोडून दिलं.

वृषाली सुसाट सुटली. इतरांना आठवावं लागायचं, हिच्या हाताला आठवावं लागत नव्हतं. त्यात पट्ट्याची खरी करामत पुढे होती. पट्टा शिकायचा. पहिल्या आठवड्यात त्याला पूर्ण हालचाल लागायची. महिन्याभरानं अर्धी पुरायची. अंगठा तर्जनीपर्यंत पोचायच्या आधीच त्याला कळायचं की हिला मागे जायचं आहे. पुढे पुढे बोटाला नुसता झटका आला, तोही दिसेल न दिसेल असा, की काम झालेलं असायचं. कंपनीवाले याला छाटणी म्हणायचे. आणि प्रत्येक वेळी आज्ञा बरोबर वाचली गेली की पट्टा कातडीला एक हलकी गुदगुली करायचा. ती मेंदूला बक्षीस म्हणून. माणूस हालचाल आणखी छाटायला आपण होऊन शिकायचा. वृषालीच्या टेबलाकडे बघितलं तर एक बाई मांडीवर हात ठेवून स्वस्थ बसली आहे असं वाटायचं, आणि पडद्यावर चादर भराभर विणली जात असायची.

चैतन्य तिच्या मागे उभा राहून बघायचा. मग एक दिवस त्यानं सगळ्यांना बोलावलं.

"प्रत्येकाची वेगळी शीट, म्हणजे विभागात चाळीस भाषा झाल्या. एक पाहिजे. दिवटेमॅडमची शीट आपण स्टँडर्ड करायलोय. आणि मॅडम आजपासून विभागप्रमुख."

टाळ्या वाजल्या. वृषालीला काचेची केबिन मिळाली. दिवट्यांच्या सात पिढ्यांत कुणी केबिनमध्ये बसलं नव्हतं, सगळे मागावरच बसले. अंबादासनं त्या दिवशी गोदामात सगळ्यांना पेढे दिले, आणि मला खुणेनं सांगितलं की वेणी आता काचेच्या बरणीत राहणार, लोणच्यासारखी.

तिची शीट इतरांच्या हातात कशी उतरवली, तेही ऐका. पट्टा वीज वाचू शकतो, तशी थोडी सोडूही शकतो. नव्या माणसाच्या डोळ्यांसमोर 'मागे जा' अशी आज्ञा यायची आणि पट्टा त्याच्या स्नायूला बारीक धक्का द्यायचा, की अंगठा आपोआप तर्जनीवर घासायचा. माणसाला वाटायचं आपणच केलं. असं हजारदा झालं की हात शिकला. वृषालीला ही बोली यायला आख्खं बालपण लागलं होतं. सग्गमला एक आठवडा लागला.

आईच्या श्राद्धाच्या आधी काही दिवस आम्ही डबा खात होतो. अंबादासनं भाकरी खाली ठेवली आणि अंगठा तर्जनीवर घासला. पुढे बोटांनी काहीतरी विचारलं. मला 'आई' आणि 'भात' एवढं कळलं.

वृषाली त्याच्या बोटांकडे बघत राहिली. मग तिची नजर डावीकडे वर सरकली, जिथं केबिनमध्ये तिचा पडदा असायचा.

"अक्का," ती मला म्हणाली, "हा मागे जा म्हणायलाय. कुठं मागे?"

मी तिच्या तोंडाकडे बघितलं. चेष्टा करत नव्हती. दोन-तीन घास जातील एवढ्या वेळानं तिच्या लक्षात आलं आणि तिचा चेहरा उतरला. "आई. आईचं विचारायलाय तो. श्राद्धाला भात किती टाकायचा ते." ती घाईघाईनं त्याच्याकडे वळली. तिचा हात मांडीवरच होता. अंबादास थांबून होता. बराच वेळ थांबला.

"सांग की त्याला," मी म्हटलं.

"सांगितलं की. आत्ताच सांगितलं."

"तुझी बोटं हलली न्हाईत, वृषाली."

तिनं आपल्या हाताकडे बघितलं. पट्टा तिनं खाली येताना काढला होता, पण छाटणी पट्ट्यात थोडीच असते. ती हातात झाली होती. अंबादासनं तिचा हात आपल्या हातात घेतला, एकेक बोट उघडून पाहिलं, कुठं काटा मोडलाय का, लागलंय का, म्हणून. काही सापडेना. मग त्यानं करंगळी वाकवून विचारलं, दुखतंय? आणि वृषालीनं त्या वाकलेल्या करंगळीकडे असं बघितलं, जणू तिला तिथं सुटा पडलेला धागा शोधायचा आहे.

मीच तिला रेटून डॉक्टरकडे नेली. मेंदूच्या डॉक्टरीणबाई होत्या, शांत आणि स्पष्ट बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या, हातानं बोलणाऱ्या माणसाचे शब्द मेंदूत अर्थाशी बांधलेले असतात, आपले बांधलेले असतात तसेच. तोच शब्द दिवसातून हजारो वेळा दुसऱ्या अर्थानं वापरला, आणि दर वेळी वर बक्षीस मिळालं, तर मेंदू जुनी गाठ सोडून नवी बांधतो. त्याला कुठं ठाऊक कोणती गाठ मोलाची. तो फक्त मोजतो कोणती जास्त वेळा लागते. घरी तुम्ही आई दिवसातून चारदा म्हणत असाल. ऑफिसात किती वेळा म्हणता?

"परत येईल का?" मी विचारलं.

"पट्टा आज सोडला, आणि रोज भावाबरोबर बसून बोलत राहिलात, तर बरंचसं येईल. जेवढा उशीर कराल तेवढं कमी येईल. हे लहानपणी शिकलेलं असतं, एकदा पुसलं की मोठेपणी पहिल्यासारखं उमटत नाही. तुमच्या भावाशी दुसरं कोण बोलतं?"

"कुणीच न्हाई," वृषाली म्हणाली. "मीच."

दुसऱ्या दिवशी ती चैतन्यकडे गेली. मीही गेले, न बोलावता. तिनं त्याला सगळं सांगितलं आणि म्हणाली, मला फक्त उजवा रकाना बदलून द्या. खुणा दुसऱ्या टाकते, पुन्हा शिकते, काम थोडं मंदावेल. चैतन्यनं तिच्यासमोरच शीट उघडली. डावा रकाना कायमच राखाडी असायचा, कुलूपबंद. आता उजवाही राखाडी झालेला होता.

"मॅडम, ही आता तुमची एकटीची शीट राहिली न्हाई," तो म्हणाला. वाईट माणूस नव्हता तो, आवाज खरंच हळू केला त्यानं. "चाळीस हात तिच्यावर तयार झालेत. पट्टेवाल्यांनी ती इचलकरंजीला, भिवंडीला दिली, सुरतेला चाललीय. आणि विभागप्रमुखाचीच शीट वेगळी म्हटल्यावर मी वर काय सांगू?"

"मग पट्टा काढते. अक्कांसारखी कीबोर्डवर बसते."

"अक्का... येमूलमॅडम दिवाळीनंतर जायल्यात. तुमच्या जागेला कीबोर्ड चालणार न्हाई. बघा, काय करायचं ते तुमच्यावर आहे."

बाहेर आल्यावर मी तिला म्हटलं, सोड नोकरी. दोन हात आहेत, कुठंही खाशील. ती चिडली. माझ्यावर ती कधी चिडली नव्हती.

"मी सोडल्यावर दादाला ठेवतील का, अक्का? घडी घालायचं मशीन कधीचं येऊन पडलंय. माझ्यामुळं लावलं न्हाई त्यांनी. तो दुसरीकडं कुठं जाईल? कोण समजून घेईल त्याला?"

अंबादासला सांभाळण्यासाठी ती नोकरी धरून होती, आणि नोकरी अंबादासला तिच्या हातातून काढून नेत होती. दिवाळीच्या ऑर्डरी निघू देत, मग पट्टा काढते, असं ठरलं. दिवाळी झाली. मग लग्नसराईच्या ऑर्डरी आल्या. मला निवृत्तीनंतर आणखी काही महिने कामावर ठेवून घेतलं होतं, जुनी डिझाइनं नव्या पद्धतीत उतरवायला, म्हणून मला हे सगळं बघायला मिळालं. नशीब म्हणायचं.

डब्याला ती येईनाशी झाली. काम आहे म्हणायची. अंबादास माझ्यासमोर बसायचा आणि बोटांनी विचारायचा, वेणी? मला येत होत्या त्या दहा-पंधरा शब्दांत मी काय सांगणार. काम, म्हणायचे. मोठं काम. तो मान डोलवायचा. मग बरणी आणि लोणच्याचं करून दाखवायचा, पण हसायचा नाही.

त्याची समजूत झाली की बहीण रागावली आहे. बरणीत बसल्यापासून तिला भावाची लाज वाटते, असंही त्याच्या मनात आलं असेल. मी ते विचारू शकले नाही, तेवढे शब्द मला येत नव्हते.

पुढच्या वर्षी आईच्या श्राद्धाच्या दिवशी तो डबा घेऊन वर आला. यापूर्वी तो कधी डिझाइन विभागात आला नव्हता. त्या आठवड्यात नव्यानं भरती झालेली मुलं-मुली हॉलमध्ये शिकत होती, ओळीनं बसलेली, प्रत्येकाच्या हाताला पट्टा. त्यांची छाटणी व्हायची होती. त्यांच्या खुणा अजून पूर्ण होत्या, ठळक, हवेत स्पष्ट दिसणाऱ्या.

अंबादास दारात थांबला.

त्यानं काय पाहिलं असेल ते मला त्याच्या तोंडावर वाचता आलं. सगळा हॉल त्याच्या घरातलं बोलत होता. समोरची मुलगी आई म्हणाली, पुन्हा आई म्हणाली, मग दुखतंय. पलीकडचा म्हणाला जेवलास का. मागच्या रांगेत कुणी वेणी म्हणालं, कुणी मनगटावर बोट आपटून मॅनेजर म्हणालं. आई, आई, जेवलास का, आई. पन्नाशीला आलेल्या त्या माणसाला जन्मभर दोन माणसांनी हाक मारली होती, आणि आता हॉलभर माणसं एकदम बोलायला लागली होती. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मी खुर्चीवरून उठले, पण माझे गुडघे जुने आहेत.

डबा खाली ठेवून तो पहिल्या मुलीपाशी गेला. तिच्यासमोर वाकून त्यानं बोटांनी काहीतरी लांबलचक सांगितलं, मन लावून, हळूहळू, लहान मुलाशी बोलतात तसं. मला त्यातलं 'आई' कळलं, 'आज' कळलं. ती मुलगी मागे सरकली. त्याला वाटलं तिला नीट दिसलं नाही. त्यानं पुन्हा सांगितलं. ती कावरीबावरी होऊन इकडे तिकडे बघायला लागली, आणि घाबरल्यामुळे तिचा अंगठा तर्जनीवर घासला, एकदा, दोनदा, कितीदा तरी. मागे जा, मागे जा. तो आनंदानं मान डोलवत होता. हो, आई. आईचंच सांगतोय.

मग तो दुसऱ्याकडे गेला. मग तिसऱ्याकडे. कुणीतरी हसलं. सग्गमनं त्याची नक्कल केली. वाईट हेतूनं केली असं मी म्हणणार नाही, सग्गमला अक्कलच कमी. त्यानं अंबादासच्या तोंडासमोर सात-आठ खुणा भराभर करून दाखवल्या, जशा येतील तशा. त्याचा अर्थ मला लागला नाही. अंबादासला लागला असणार. नाहीतर कळलं असणार की त्या खुणांना अर्थच नाही. त्याचे हात खाली आले.

तेवढ्यात केबिनचं दार उघडून वृषाली आली.

तो तिच्याकडे धावत गेला आणि तिच्यासमोर उभा राहून त्यानं अंगठा तर्जनीवर घासला. एकदाच. एवढ्या लोकांत त्याला एक माणूस हवं होतं, जे त्या खुणेला ओळखेल. मी मनात म्हणत होते, उचल गं हात. वेणी म्हण, आई म्हण, काहीही म्हण.

वृषालीनं त्याच्याकडे बघितलं. तिचे हात बाजूला लोंबत होते. एका अंगठ्याला बारीक झटका आला, तो मला दिसला कारण मी तोच बघत होते. मग तिनं तोंड उघडलं.

"काय झालं, दादा?" ती म्हणाली. त्याला ओठांवरून कळावं म्हणून मोठ्यानं, एकेक अक्षर तोडून. "काय, झालं?"

बहिऱ्या माणसाशी परके लोक असंच बोलतात. दुकानदार, बसचे कंडक्टर. ती त्याच्याशी आयुष्यात कधी तोंडानं बोलली नव्हती. अंबादास तिच्या हलणाऱ्या ओठांकडे बघत राहिला, मग वळला, दारातला डबा उचलला आणि जिना उतरून गेला.

त्या दिवशी वृषालीनं पट्टा काढला तो पुन्हा बांधला नाही. चैतन्यनं तिला अडवलं नाही. शीट होती, हात तयार होते, तिची गरज उरली नव्हती. निरोपाच्या वेळी पट्टेवाल्यांनी तिला एक सन्मानचिन्ह पाठवलं, त्यावर काचेत कोरलेला हात होता. आणि अंबादासला कुणी काढलं नाही. हातानं घडी घातलेली चादर असं लेबल लावलं की परदेशात जास्त भाव येतो, असं कुणाच्या तरी लक्षात आलं होतं. घडीचं मशीन अजून तसंच पडून आहे. ज्या भीतीपायी पोरीनं एवढं सगळं गमावलं, ती भीती खोटी निघाली.

मग ती रोज माझ्याकडे येऊ लागली. माझ्या घरी, माझ्या ओट्यावर. मला येत होते तेवढे शब्द ती माझ्याकडून शिकायला बसायची. तिच्याकडून मी शिकलेले, तेच मी तिला शिकवायचे. पाणी असं. भात असा. माझी खूण ही, चष्मा. 'आई'ला मी तिच्या हातात खरा लसूण दिला. ती एकेक पाकळी सोलत बसायची, अंगठा तर्जनीवर घासत. पाकळी सोलून झाली की तिची नजर डावीकडे वर जायची आणि थोडा वेळ तिथंच थांबायची. मग ती पुढची पाकळी घ्यायची.

"आता जमतंय की," एक दिवस मी म्हटलं. "चल त्याच्याकडे."

घरी तो तिच्याशेजारी जेवायचा, झोपायचा, पण तिच्या हाताकडे बघायचा नाही. म्हणून आम्ही गोदामात गेलो, सुट्टीच्या वेळी, जिथं पूर्वी डबा खायचो. तो घड्या घालत होता. चादर दोन्ही टोकांना धरायची, झटकायची, निम्मी, पुन्हा निम्मी, कडा जुळवायच्या, तळहातानं दाबायचं. त्याच्याइतकी नीट घडी कारखान्यात कुणाची नसायची. वृषाली त्याच्यासमोर जाऊन बसली आणि तिनं हात वर केला. अंगठा तर्जनीवर घासला, पूर्ण, हळू, कुणालाही दिसेल असा. आई. मग दोन बोटं एकमेकांवरून टाकली. वेणी. मग पुन्हा आई.

अंबादास थांबला. त्यानं तिच्या बोटांकडे बघितलं, मग तिच्या तोंडाकडे, मग पुन्हा बोटांकडे. वरच्या हॉलमध्ये त्यानं ही खूण पाहिली होती, किती जणांच्या हातात, किती वेळा. तिचा अंगठा अजून घासत होता.

त्यानं तिचा हात आपल्या हातात घेतला. आधी अंगठा आत मिटला. मग तर्जनी त्याच्यावर दुमडली, मग मधलं बोट, मग पुढचं, मग करंगळी, एकेक, कडा जुळवून. मिटलेल्या मुठीवर त्यानं तळहात दाबला, आणि ती तिच्या मांडीवर ठेवून दिली.

मग त्यानं पुढची चादर ओढली.